यवतमाळहून मुंबई किती लांब?

यवतमाळचा जवाहरलाल दर्डा विमानतळ आणि मुंबईचा विमानतळ यांच्यातलं हवाई अंतर सुमारे 570 किलोमीटर. पण यवतमाळहून नियमित प्रवासी विमान सुटत नाही. मुंबई पश्चिमेला, तरी आधी दीडशे किलोमीटर ईशान्येला नागपूर गाठायचं, मग तिथून 690 किलोमीटर उडायचं. नागपूर-मुंबई सरळ रेघ नकाशावर ओढून पाहा. ती यवतमाळच्या उत्तरेला जेमतेम 40-45 किलोमीटरवरून जाते. सकाळी घर सोडलेला माणूस दुपारी पुन्हा आपल्याच मुलखावरून, दहा किलोमीटर उंचीवरून जातो!

ताशी 800 किलोमीटरने 690 किलोमीटर म्हणजे 52 मिनिटं. वेळापत्रकात मात्र दीड तासाच्या आसपास. कारण विमान जागेवरून हललं की घड्याळ सुरू होतं आणि मुंबईत जागेवर थांबलं की बंद. धावपट्टीपर्यंतची चाल, चढण, मुंबईच्या आकाशातली रांग, सगळं त्यातच. उतरण तर दोनशे किलोमीटर आधीच सुरू होते. छत्रपती संभाजीनगर मागे पडलं की थोड्याच वेळात विमान खाली यायला लागतं. हिवाळ्यात वरचे वारे पश्चिमेकडून वाहतात, त्यामुळे मुंबईहून नागपूरला येताना पाठीशी वारा असतो आणि जाताना समोरून.

आणि ते 570 मोजलं कसं? सपाट नकाशावर पट्टी ठेवून भागत नाही. रेखांशाचा एक अंश कन्याकुमारीला 110 किलोमीटर, यवतमाळला 104, श्रीनगरला 92. ध्रुवाकडे जावं तशा रेषा जवळ येतात. शिवाय पृथ्वी नीट गोल नाही. विषुववृत्तापाशी तिची त्रिज्या ध्रुवापेक्षा 21 किलोमीटरने जास्त. हा चपटेपणा नेमका किती, ते कळल्याशिवाय दोन विमानतळांमधलं अंतर अचूक निघत नाही.

मला सर्वांत थक्क करतं ते पुढचं. तो चपटेपणा मोजायचं एक मोठं काम आपल्याच भागातून गेलं. 1802 मध्ये सर्वेक्षक विल्यम लॅम्बटन यांनी मद्रासजवळ पायारेषा मोजून सुरुवात केली. मग 78 रेखांशाच्या आसपास कन्याकुमारीपासून उत्तरेकडे त्रिकोणामागून त्रिकोण बांधत मोजणी सरकली. सोबत कोन मोजायचा अर्धा टन वजनाचा थिओडोलाइट, डोंगर, जंगल आणि हिवताप. ही 78 ची रेषा यवतमाळ शहराच्या पश्चिमेला जेमतेम 13 किलोमीटरवर आहे. लॅम्बटन यांनी मोजणी वऱ्हाडाच्या उंबऱ्यापर्यंत आणली आणि 1823 मध्ये नागपूरच्या वाटेवर हिंगणघाटला त्यांचा मृत्यू झाला. पुढचं काम जॉर्ज एव्हरेस्ट यांनी नेलं. त्यांनी 1830 मध्ये काढलेल्या पृथ्वीच्या मापांवर भारताचे नकाशे दीडशे वर्षांहून अधिक काळ उभे होते.

लॅम्बटन यांची कबर हिंगणघाटातच आहे. यवतमाळहून ती सरळ रेषेत जेमतेम 75 किलोमीटर. नागपूरला विमान पकडायला निघालात, तर थोडी वाट वाकडी करून तिथे नक्की जाऊन या.