गोव्याच्या सरकारी दवाखान्यांत एक जादा माणूस बसवला आणि टेन्शनचे जास्त पेशंट बरे झाले, ते कसं?

सकाळी दहाची वेळ. प्राथमिक आरोग्य केंद्रात केसपेपर काढायला रांग लागलेली. रांगेत एक बाई उभी आहे, वय पंचेचाळीसच्या आसपास. नंबर आला की ती सांगते, अंग दुखतं, डोकं जड असतं, झोप लागत नाही, जेवण जात नाही. डॉक्टर बीपी बघतात, दुखण्याची गोळी आणि ताकदीच्या गोळ्या लिहून देतात. बाहेर अजून साठ पेशंट आहेत. पुढचा नंबर.

महिन्याभराने ती पुन्हा येते. तक्रार तीच, गोळ्या त्याच.

असं चित्र कुठल्याही तालुक्यात दिसेल. यात डॉक्टर वाईट नाहीत आणि बाई खोटं बोलत नाही. तिचं अंग खरंच दुखतंय. पण त्या दुखण्यामागे डिप्रेशन असू शकतं, हे ती सांगत नाही आणि तिला कुणी विचारत नाही.

समजा एखाद्या डॉक्टरने विचारलं, तर पुढे काय? बहुतेक वेळा एक चिठ्ठी मिळते, "जिल्ह्याला जाऊन मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा." म्हणजे एसटीचं भाडं, बुडालेली मजुरी आणि "वेड्याच्या डॉक्टरकडे गेली" ही गावातली चर्चा. चिठ्ठी घरात कुठेतरी राहून जाते.

प्रश्न किती मोठा आहे?

बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं होतं. त्यानुसार भारतात १०० पैकी जवळपास ११ प्रौढांना त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक आजार होता. डिप्रेशन, एन्झायटी अशा नेहमी आढळणाऱ्या आजारांत १०० पैकी सुमारे ८५ जणांना उपचारच मिळत नव्हते.

दुसरीकडे देशात लाख लोकांमागे एक मानसोपचारतज्ज्ञही नाही. जे आहेत ते बहुतेक शहरांत. उद्यापासून मेडिकल कॉलेजच्या जागा वाढवल्या, तरी ही दरी भरायला कित्येक वर्षं जातील.

मग उपाय असा सांगितला जातो की गावच्या एमबीबीएस डॉक्टरलाच शिकवा आणि डिप्रेशनची औषधं आरोग्य केंद्रात ठेवा. कागदावर हे बरोबर आहे. अडचण अशी की नुसत्या प्रशिक्षणाने फारसं बदलत नाही, हे अनेक देशांत दिसून आलंय. डॉक्टर शिकून येतात, पण रांग तेवढीच असते आणि प्रत्येक पेशंटला मिळणारा वेळही तेवढाच.

मग नेमकं काय चालतं?

१९९० च्या दशकात अमेरिकेतल्या सिएटलमध्ये वेन केटन आणि त्यांचे सहकारी याच प्रश्नावर काम करत होते. तिथेही डिप्रेशनचे बहुतेक पेशंट फॅमिली डॉक्टरकडेच जायचे, गोळ्या घ्यायचे आणि थोड्या दिवसांत गायब व्हायचे. केटन यांच्या गटाने डॉक्टर आणि पेशंट यांच्यामध्ये आणखी दोन माणसं आणली. या पद्धतीला 'कोलॅबोरेटिव्ह केअर' म्हणतात. मराठीत समन्वित उपचार म्हणता येईल.

या पद्धतीत तीन जणांची टीम असते.

पहिला, नेहमीचा डॉक्टर. औषध तोच लिहून देतो.

दुसरा, केअर मॅनेजर. हा नर्स, समाजकार्यकर्ता किंवा समुपदेशक असू शकतो. पेशंटशी बोलणं, आजार समजावून सांगणं, फोन करणं, गोळ्या चालू आहेत का ते बघणं, ही सगळी कामं याची.

तिसरा, मानसोपचारतज्ज्ञ. हा रोज पेशंट बघत नाही. आठवड्यातून एकदा केअर मॅनेजरसोबत बसून यादी तपासतो. कोण सुधारतंय, कोण अडकलंय, कुणाचं औषध बदलायला हवं, हे सांगतो. त्यामुळे एका तज्ज्ञाचा उपयोग कितीतरी जास्त पेशंटना होतो.

सगळा खेळ त्या यादीवर चालतो. दवाखान्यातल्या डिप्रेशनच्या प्रत्येक पेशंटचं नाव तिच्यात असतं आणि नावापुढे मार्क असतात. हे मार्क पीएचक्यू-९ नावाच्या नऊ प्रश्नांच्या चाचणीतून येतात. गेल्या दोन आठवड्यांत कामात रस वाटला का, झोप लागली का, भूक लागली का, असे ते प्रश्न. शेवटचा प्रश्न जीव देण्याच्या विचारांबद्दल असतो. एकूण २७ मार्क. जितके जास्त मार्क, तितका त्रास जास्त. १० च्या वर गेले की डॉक्टरने नीट तपासायला हवं.

शुगरच्या पेशंटची शुगर तपासतात, तसंच हे. मार्क कमी होत नसतील, तर चालू उपचार पुरेसे नाहीत. मग डोस वाढवायचा, औषध बदलायचं किंवा समुपदेशन जोडायचं. आणि जो पेशंट आलाच नाही, त्याचं नाव यादीत दिसतं. त्याला फोन जातो.

या पद्धतीची मोठी चाचणी २००२ मध्ये प्रसिद्ध झाली. अमेरिकेतल्या पाच राज्यांत, १८ दवाखान्यांत, साठीच्या पुढचे १८०१ पेशंट त्यात होते. वर्षभराने समन्वित उपचार घेणाऱ्यांपैकी ४५ टक्के लोकांची लक्षणं निम्म्याने किंवा त्याहून जास्त कमी झाली. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत हा आकडा होता १९ टक्के. २०१२ मध्ये अशा ७९ चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला गेला. डिप्रेशन आणि एन्झायटीत ही पद्धत नेहमीच्या उपचारांपेक्षा सरस आहे, असंच त्यातून दिसलं.

पण ते अमेरिकेत. आपल्याकडे?

आता गोष्ट येते गोव्यात. डॉ. विक्रम पटेल आणि 'संगत' या संस्थेने गोव्यात 'मानस' नावाची चाचणी केली. तिचे निष्कर्ष २०१० मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये आले. १२ सरकारी आरोग्य केंद्रं, १२ खासगी जनरल प्रॅक्टिशनर आणि सुमारे २८०० पेशंट.

गोव्यात केअर मॅनेजरचं काम करायला नर्स किंवा सायकॉलॉजिस्ट मिळणार नव्हते. म्हणून तिथलेच पदवीधर लोक निवडले, ज्यांचा आरोग्य क्षेत्राशी आधी संबंध नव्हता. त्यांना साधारण दोन महिन्यांचं प्रशिक्षण दिलं आणि आरोग्य केंद्रात बसवलं.

उपचार पायरीपायरीने होते. पहिल्या पायरीवर बोलणं. तुम्हाला जे होतंय त्याचा मनाशी काय संबंध आहे, श्वासाचे व्यायाम कसे करायचे, झोपेचं काय करायचं. त्रास जास्त असेल किंवा पहिल्या पायरीने फरक पडला नाही, तर डॉक्टरकडून डिप्रेशनचं औषध किंवा समुपदेशनाची सलग सत्रं. तरीही अडलं, तर अधूनमधून येणारे मानसोपचारतज्ज्ञ. बहुतेकांना शेवटच्या पायरीपर्यंत जावंच लागत नाही.

इतर दवाखान्यांतही डॉक्टरांना कुठल्या पेशंटला त्रास आहे हे कळवलं होतं आणि उपचाराची माहितीपुस्तिकाही दिली होती. नव्हता तो फक्त हा जादा माणूस आणि त्याच्याभोवतीची व्यवस्था.

सहा महिन्यांनी सरकारी आरोग्य केंद्रांत समुपदेशक असलेल्या ठिकाणी सुमारे ६६ टक्के पेशंट बरे झाले होते. समुपदेशक नसलेल्या ठिकाणी सुमारे ४२ टक्के. वर्षभराच्या पाहणीत आणखी एक गोष्ट दिसली. आत्महत्येचा प्रयत्न किंवा बेत करणाऱ्यांचं प्रमाण समुपदेशक असलेल्या सरकारी केंद्रांत ३६ टक्क्यांनी कमी होतं.

खासगी दवाखान्यांत काय झालं?

तिथे फरकच पडला नाही. समुपदेशक असो वा नसो, दोन्हीकडे पेशंट जवळपास सारखेच बरे झाले.

यामागचं एक कारण असं सांगितलं जातं की खासगी दवाखान्यात पेशंटला दरवेळी तोच डॉक्टर भेटतो. तो नावाने ओळखतो, घरचं विचारतो, जरा जास्त वेळ देतो. समुपदेशक जे काम करणार, त्यातलं बरंच काम तो फॅमिली डॉक्टर आधीच करत असावा. ज्या सरकारी केंद्रात डॉक्टर बदलत राहतात आणि वेळ मिळत नाही, तिथेच या माणसाची गरज सगळ्यात जास्त होती.

महाराष्ट्रात असं काही झालंय का?

झालंय. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' नावाचा कार्यक्रम राबवला गेला. शेतकरी आत्महत्यांमुळे हा भाग सगळ्यांना माहीत आहे. इथे काम दवाखान्याच्याही आधी, गावातून सुरू झालं. गावातल्या आरोग्य कार्यकर्त्यांनी लोकांशी बोलायचं, त्रास असलेल्यांना ओळखायचं, मग समुपदेशकाने भेटायचं आणि गरज पडली तर मानसोपचारतज्ज्ञाने.

कार्यक्रमाआधी डिप्रेशन असलेल्या १०० पैकी जेमतेम ४ जणांनी कुठेतरी मदत घेतली होती. दीड वर्षाने हा आकडा २७ वर गेला. तुलनेसाठी वेगळी गावं घेतली नव्हती, त्यामुळे सगळं श्रेय कार्यक्रमालाच देता येत नाही. पण जवळ मदत असेल तर लोक ती घेतात, एवढं यातून नक्की दिसतं.

एवढं चालतं, तर सगळीकडे का नाही?

जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम भारतात १९९६ पासून आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने सरकारी मदतीने चालणाऱ्या व्यवस्थेत मानसिक उपचार मिळणं हा प्रत्येकाचा हक्क ठरवलाय. आयुष्मान आरोग्य मंदिरांच्या सेवांच्या यादीतही मानसिक आरोग्य आहे. कागदावर कमी काही नाही.

अडतं ते तीन ठिकाणी.

एक, माणूस. पाठपुराव्याचं काम "आशाताई करतील" म्हणून सोडून देणं सोपं आहे. पण आशाताईंकडे आधीच गरोदर बाया, लसीकरण, टीबी आणि सर्वेक्षणांचा ढीग आहे. हे काम कुणाच्या तरी नावावर, ठरलेल्या वेळेसह आणि पगारासह लागतं.

दोन, औषध. डिप्रेशनच्या गोळ्यांचा परिणाम दिसायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. आणि बरं वाटल्यावरही त्या निदान सहा महिने चालू ठेवायच्या असतात. मध्येच केंद्रातला साठा संपला, तर सगळी मेहनत वाया.

तीन, खोली. गावात सगळे एकमेकांना ओळखतात. मागे रांग उभी असताना "जगावंसं वाटत नाही" असं कुणी बोलत नाही. दार लावून बोलता येईल अशी जागा हवी.

तुम्ही काय करू शकता?

घरात कुणाला दोन आठवड्यांपेक्षा जास्त दिवस झोप नाही, भूक नाही, कशात रस नाही आणि तपासण्या मात्र नॉर्मल येतायत, तर नेहमीच्या डॉक्टरला सरळ विचारा, "हे डिप्रेशन असू शकतं का?" सुरुवात तिथूनही होते.

गोळ्या सुरू झाल्या तर पहिल्या आठवड्यात फरक नाही म्हणून सोडू नका आणि बरं वाटलं म्हणून स्वतःच्या मनाने बंदही करू नका. पुढच्या भेटीची तारीख तिथेच ठरवून घ्या आणि घरातल्या एकाने ती लक्षात ठेवा. दवाखान्यात केअर मॅनेजर नसेल, तर निदान हे एक काम घरच्यांना करता येतं.

केंद्र सरकारची 'टेलि-मानस' ही मोफत हेल्पलाइन चोवीस तास चालू असते. नंबर आहे १४४१६. मराठीतही बोलता येतं. जीव देण्याचे विचार येत असतील तर थांबू नका, लगेच फोन करा किंवा जवळचं हॉस्पिटल गाठा. आणि असं बोलणाऱ्या माणसाला एकटं सोडू नका.

आता पुन्हा त्या रांगेतल्या बाईकडे. समजा तिच्या आरोग्य केंद्रात ती यादी आहे. डॉक्टरांनी बीपी बघून तिला शेजारच्या खोलीत पाठवलं. नऊ प्रश्न झाले, १६ मार्क आले. औषध सुरू झालं. दहा दिवसांनी ठरलेल्या तारखेला ती आली नाही. दुपारी तिच्या मोबाईलवर फोन वाजला, "काकू, आज आला नाहीत? गोळ्या चालू आहेत ना?" काकू म्हणाल्या, मळमळतंय म्हणून दोन दिवस घेतल्या नाहीत. पलीकडून उत्तर आलं, "सुरुवातीला होतं तसं. जेवल्यावर घेऊन बघा. आणि उद्या या, मी आहे."