विश्लेषण : वेदनाशामक गोळी बंद केली आणि अंग मोडून आले… हे दुखणे नेमके कशाचे?

कंबरेची शस्त्रक्रिया झाली आणि डॉक्टरांनी काही आठवड्यांसाठी ट्रामाडॉल लिहून दिले. आठवड्यांचे महिने कधी झाले, हे कोणाच्या लक्षात आले नाही. मग एकदा गावी जाताना गोळ्यांचे पाकीट घरीच राहिले. दुसऱ्या दिवशी जांभया सुरू झाल्या, नाक गळू लागले. रात्री पोटात कळा येऊ लागल्या, पाय स्वस्थ राहीनात, झोप उडाली. कंबर तर पहिल्यापेक्षा जास्त दुखू लागली. घरच्यांना वाटले, फ्लू झाला. तालुक्याच्या गावातून गोळी आणली आणि ती घेतल्यावर तासाभरात सगळे शांत झाले. रुग्णाने मनाशी ठरवून टाकले, की दुखणे अजून बरे झालेले नाही, गोळी हवीच.

असा प्रसंग मनोविकारतज्ज्ञ आणि वेदनातज्ज्ञांना नवा नाही. त्यातून रुग्ण जो निष्कर्ष काढतो, तो मात्र बऱ्याचदा चुकीचा असतो. अशा वेळी उफाळून येते ते मूळ दुखणे नसते, तर गोळी सुटल्याचा त्रास असतो. हा फरक कळला नाही, तर गोळी वर्षानुवर्षे सुरू राहते किंवा एका झटक्यात थांबवून धोका ओढवून घेतला जातो.

कोणत्या गोळ्यांमुळे असे होते?

सगळ्याच वेदनाशामकांमुळे नाही. पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांच्या अतिवापराचे यकृत, जठर आणि मूत्रपिंडावर होणारे परिणाम वेगळे आहेत. ती थांबवल्यावर वर सांगितलेली लक्षणे दिसत नाहीत. हा त्रास होतो तो ओपिऑइड म्हणजे अफूवर्गीय वेदनाशामकांमुळे. ट्रामाडॉल, टॅपेंटाडॉल, कोडीन, मॉर्फिन, पेंटाझोसिनचे इंजेक्शन, फेंटानिलची त्वचेवर लावायची पट्टी ही त्यांतली काही नावे.

ट्रामाडॉल १९७७ मध्ये जर्मनीत बाजारात आले आणि तुलनेने ‘सौम्य’ ओपिऑइड म्हणून जगभर पोहोचले. आपल्याकडे ते अनेकदा पॅरासिटामॉलसोबत एकाच गोळीत मिळते. ३२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल आणि ३७.५ मिलिग्रॅम ट्रामाडॉल हे त्यातले नेहमीचे प्रमाण. त्यामुळे आपण ‘साधी अंगदुखीची गोळी’ घेत आहोत, असे अनेकांना वाटत राहते. पाकिटावरचे ब्रँडचे नाव नव्हे, त्याखालचे घटक वाचणे म्हणूनच महत्त्वाचे.

शरीरात नेमके काय घडते?

सतर्कता, हृदयाची गती, घाम यांवर मेंदूतील नॉरअॅड्रेनलिन या रसायनाचा प्रभाव असतो. ओपिऑइड या रसायनाचा जोर दाबून ठेवतात. गोळी रोज येऊ लागली की शरीर या दाबाशी जुळवून घेते आणि आपला जोर वाढवते. मग अचानक गोळी येत नाही. दाब निघून जातो, वाढवलेला जोर मात्र तसाच राहतो. धडधड, घाम, अंगावर काटा, बेचैनी, उडालेली झोप हे त्याचेच परिणाम.

आतड्यांचेही तसेच. ओपिऑइडमुळे आतड्यांची हालचाल मंदावते आणि बद्धकोष्ठता होते. गोळी थांबली की पोटात कळा येतात, जुलाब होतात. थोडक्यात, गोळी शरीरात जे करत होती, त्याच्या नेमके उलटे घडते.

ट्रामाडॉलची आणखी एक बाजू आहे. ते नैराश्यावरील काही औषधांप्रमाणे सेरोटोनिनवरही काम करते. त्यामुळे ते थांबवल्यावर काही जणांना तीव्र घबराट, हातापायांना मुंग्या, विजेचा झटका बसल्यासारखी संवेदना, क्वचित भास असाही त्रास होतो. तो ओळखीचा नसल्यामुळे रुग्ण आणि घरचे अधिकच घाबरतात.

म्हणजे हे व्यसन आहे का?

नेहमीच नाही. शरीराला औषधाची सवय होणे आणि व्यसन लागणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ठरवून दिलेल्या मात्रेत, डॉक्टरांच्या सल्ल्याने काही आठवडे ओपिऑइड घेतलेल्या कोणालाही शरीराची सवय लागू शकते. त्यात चारित्र्याचा किंवा मनोबलाचा प्रश्न नसतो.

व्यसनाची खूण वेगळी. दुखत नसतानाही गोळी घ्यावीशी वाटणे, मात्रा स्वतःहून वाढवत नेणे, दोन-तीन डॉक्टरांकडून चिठ्ठ्या मिळवणे, घरच्यांपासून पाकिटे लपवणे, कामधंद्यावर परिणाम होऊनही थांबता न येणे. एकातून दुसऱ्यात जाण्याची वाट मात्र लांब नसते. सुरुवातीला दुखण्यासाठी घेतलेली गोळी पुढे केवळ ‘त्रास होऊ नये’ म्हणून घेतली जाते. मुंबई-पुण्यात गर्दच्या व्यसनींमध्ये या त्रासाला ‘टर्की’ म्हणतात. गोळ्यांची टर्की आणि गर्दची टर्की यांची तीव्रता वेगळी असली, तरी यंत्रणा एकच आहे.

केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी ‘एम्स’ने केलेल्या आणि २०१९ मध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार, देशात १० ते ७५ वयोगटातील २.०६ टक्के लोक ओपिऑइड वापरत होते. त्यात हेरॉइनचे प्रमाण १.१४ टक्के, औषधी ओपिऑइडच्या गैरवापराचे ०.९६ टक्के, तर अफूचे ०.५२ टक्के होते. म्हणजे औषधाच्या दुकानातून येणारा प्रश्न अफूपेक्षा मोठा होता.

त्रास किती दिवस राहतो?

हे औषध, मात्रा आणि ते किती काळ घेतले यावर अवलंबून असते. साध्या, लवकर ओसरणाऱ्या गोळ्यांच्या बाबतीत शेवटच्या गोळीनंतर साधारण अर्ध्या ते एका दिवसात जांभया, नाक-डोळे गळणे, कणकण सुरू होते. दुसरा-तिसरा दिवस सर्वांत कठीण. त्यानंतर उतार लागतो आणि आठवडा ते दहा दिवसांत शारीरिक त्रास बहुतेक ओसरतो. औषध हळूहळू सोडणाऱ्या गोळ्यांमध्ये सुरुवात उशिरा होते.

पुढचा भाग कमी दिसतो, पण लांबतो. अपुरी झोप, चिडचिड, उदास वाटणे, कशातच रस न वाटणे हे काही आठवडे, कधी काही महिने राहू शकते. ‘आता तर सगळे बरे झाले, मग मन का लागत नाही?’ या प्रश्नाचे उत्तर बऱ्याचदा इथे असते. गोळीकडे परत वळण्याची भीतीही याच काळात राहते.

मूळ दुखणे की गोळी सुटल्याचा त्रास?

याची काही साधी चिन्हे आहेत. गोळी सुटल्यावरचे दुखणे एका जागी न राहता सर्वांगात, हाडांत-स्नायूंत जाणवते. सोबत जांभया, गळणारे नाक, अंगावर काटा, जुलाब असतात. ते गोळीच्या वेळेशी बांधलेले असते, म्हणजे वेळ टळली की सुरू आणि गोळी घेतली की लगेच बंद. शिवाय दिवस जातील तसे ते ओसरते. मूळ आजाराचे दुखणे त्याच जागी, त्याच हालचालीने होते आणि दोन आठवड्यांनंतरही टिकून राहते.

काही जणांत दीर्घकाळ ओपिऑइड घेतल्याने वेदनेची संवेदना उलट तीव्र होते. अशा रुग्णांचे दुखणे मात्रा वाढवून नव्हे, तर कमी करून हलके होते. हे निदान मात्र डॉक्टरांनीच करायचे. यासाठी रोजच्या नोंदी उपयोगी पडतात. गोळी किती वाजता घेतली, दुखणे कुठे आणि किती होते, झोप किती झाली, एवढे मोबाइलवर लिहून ठेवले तरी पुरते.

एका झटक्यात बंद का करू नये?

‘एकदाच काय तो त्रास होऊ दे,’ असे अनेकांना वाटते. ओपिऑइड अचानक थांबवणे निरोगी माणसाला सहसा जीवघेणे नसते, पण जुलाब-उलट्यांनी पाणी कमी होणे, रक्तदाब वाढणे, तीव्र नैराश्य हे धोके असतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने एप्रिल २०१९ मध्ये याच कारणासाठी डॉक्टरांना इशारा दिला होता. ओपिऑइडवर अवलंबून असलेल्या रुग्णांचे औषध एकाएकी बंद केल्याने अनियंत्रित वेदना, मानसिक त्रास आणि आत्महत्येपर्यंतचे प्रकार घडल्याचे त्यात म्हटले होते.

सर्वांत मोठा धोका त्यानंतरचा. काही दिवस गोळी बंद राहिली की शरीराची सहनशक्ती कमी होते. त्रास असह्य होऊन पूर्वीइतकीच मात्रा एकदम घेतली, तर श्वास मंदावून मृत्यू येऊ शकतो. सोबत दारू किंवा झोपेच्या गोळ्या असतील तर हा धोका कैक पटींनी वाढतो.

गर्भवतींनी तर स्वतःहून गोळी मुळीच थांबवू नये, त्याने गर्भाला धोका संभवतो. अल्प्राझोलामसारख्या गोळ्याही सुरू असतील, तर त्या अचानक थांबवल्याने फिट येऊ शकते. कर्करोगाच्या रुग्णांनी हे वाचून मॉर्फिन कमी करण्याचा विचार करू नये. त्यांच्यासाठी वेदनामुक्ती हाच उपचाराचा भाग आहे.

मात्रा कशी कमी करतात?

टप्प्याटप्प्याने, आणि सोसेल त्या वेगाने. वर्षभर किंवा अधिक काळ ओपिऑइड घेणाऱ्यांसाठी अमेरिकेतील ‘सीडीसी’च्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये महिन्याला सुमारे १० टक्के किंवा त्याहून कमी वेगाने घट सुचवली आहे. काही आठवडेच घेतलेल्यांमध्ये हा वेग जास्त असू शकतो. त्रास वाढला तर त्या टप्प्यावर थांबतात. ते अपयश मानले जात नाही.

व्यवहारात अडचण शेवटी येते. सहा गोळ्यांवरून पाचवर येणे सोपे असते, पण एका गोळीवरून शून्यावर येणे म्हणजे उरलेली सगळी मात्रा एकदम काढणे. म्हणून शेवटच्या टप्प्यात डॉक्टर कमी ताकदीची गोळी देतात किंवा दोन मात्रांमधील अंतर वाढवतात. हळूहळू औषध सोडणाऱ्या गोळ्या मात्र स्वतःहून तोडू किंवा कुटू नयेत. त्यातील सगळे औषध एकदम शरीरात जाऊ शकते.

गरज पडल्यास घाम-धडधड कमी करणारे क्लोनिडिन, किंवा व्यसन जडले असल्यास जिभेखाली ठेवायचे ब्यूप्रेनॉर्फिन दिले जाते. क्लोनिडिनने रक्तदाब खाली येतो. ब्यूप्रेनॉर्फिन चुकीच्या वेळी घेतले तर त्रास उलट भडकतो. त्यामुळे शेजाऱ्याच्या किंवा औषध दुकानदाराच्या सल्ल्याने ही औषधे घेऊ नयेत.

त्या दिवसांत घरी काय करावे?

● जुलाब होत असतील तर ओआरएस, ताक, पेज, नारळपाणी थोडे थोडे घेत राहावे. जुलाब थांबवणाऱ्या लोपेरामाइडच्या गोळ्या सांगितल्यापेक्षा जास्त घेऊ नयेत. मोठ्या मात्रेत त्या हृदयाची लय बिघडवतात.

● अंगदुखी आणि पायांच्या वळवळीसाठी गरम पाण्याची अंघोळ, शेक, हलके चालणे उपयोगी पडते.

● अंगदुखीसाठी पॅरासिटामॉल घेण्यापूर्वी आधीच्या गोळीत ते आहे का, हे पाहावे. प्रौढांनी दिवसाला एकूण ४ ग्रॅमची मर्यादा ओलांडू नये. यकृताचा आजार असलेल्यांसाठी ती आणखी कमी असते.

● गोळ्या घरातील विश्वासाच्या व्यक्तीकडे ठेवाव्यात आणि ठरलेली मात्राच रोज मागून घ्यावी.

● घरच्यांनी ‘नाटक करतोय’, ‘मनाने घट्ट राहा’ असे बोलणे टाळावे. रात्री दोन वाजता जागे असलेल्या माणसाशी पाच मिनिटे बोलणे अधिक कामाचे.

तातडीने रुग्णालयात कधी न्यावे?

फिट आली, भास होऊ लागले, छातीत दुखले, उलट्या-जुलाबांमुळे लघवी होईनाशी झाली किंवा जगणे नको असे रुग्ण बोलू लागला, तर वाट पाहू नये. ट्रामाडॉल मोठ्या मात्रेत घेणाऱ्यांना, विशेषतः दिवसाला ४०० मिलिग्रॅमच्या वर, ते सुरू असतानाही फिट येण्याचा धोका असतो. नैराश्यावरील औषधांसोबत घेतल्यास सेरोटोनिन धोकादायक पातळीला जाऊ शकते. जास्त मात्रेनंतर रुग्ण गाढ झोपेत असेल, हाक मारून उठत नसेल, श्वास मंद असेल, ओठ निळे पडले असतील, तर १०८ क्रमांकावरून रुग्णवाहिका बोलवावी.

मदत कुठे मिळते?

पहिली पायरी म्हणजे गोळी लिहून देणारे डॉक्टर. त्यांना खरी मात्रा सांगावी, चिठ्ठीवरची नव्हे. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या मनोविकार विभागात उपचार मिळतात. डॉ. अनिल आणि डॉ. अनिता अवचट यांनी १९८६ मध्ये पुण्यात सुरू केलेल्या ‘मुक्तांगण’सारख्या व्यसनमुक्ती केंद्रांचाही पर्याय आहे. केंद्र सरकारची व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी ‘टेलि-मानस’ १४४१६ या दोन्ही क्रमांकांवर निःशुल्क सल्ला मिळतो.

कायद्याची भीती बाळगून अनेक जण बोलत नाहीत. ट्रामाडॉल ‘एच-१’ यादीत आहे, म्हणजे चिठ्ठीशिवाय ते विकता येत नाही आणि दुकानदाराला विक्रीची वेगळी नोंद ठेवावी लागते. एप्रिल २०१८ पासून ते अमली पदार्थविरोधी ‘एनडीपीएस’ कायद्याच्या कक्षेतही आहे. पण डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ते घेणे गुन्हा नाही आणि ते सोडवण्यासाठी मदत मागणे तर नाहीच.

यातला बराच त्रास सुरुवातीलाच टाळता येतो. ओपिऑइड पहिल्यांदा लिहून दिले जाईल, तेव्हा डॉक्टरांना दोन प्रश्न विचारावेत : ही गोळी किती दिवस घ्यायची? आणि ती थांबवायची कशी? गोळी सुरू होण्याआधीच ती बंद कशी होणार हे ठरलेले असेल, तर गावी जाताना घरी राहिलेले पाकीट एवढे महागात पडत नाही.