जुन्या सीबी रेडिओची खरी ओळख

अमेरिकेतल्या हायवेवर मोठ्या ट्रकच्या आरशापाशी थरथरणारी लांब काडी दिसते ना, ती बहुतेक वेळा सीबी रेडिओची अँटेना असते. सीबी म्हणजे सिटिझन्स बँड. २७ मेगाहर्ट्झच्या आसपास ४० चॅनल, एएमवर जास्तीत जास्त ४ वॅट ताकद, आणि वापरायला परवाना लागत नाही. चॅनल १९ वर ट्रकवाले बोलतात, चॅनल ९ संकटासाठी राखीव. १९७३ च्या तेलटंचाईनंतर ताशी ५५ मैलांची वेगमर्यादा आली, आणि पुढे पोलीस कुठे दबा धरून बसलेत हे एकमेकांना सांगायला ट्रकवाल्यांनी हाच रेडिओ धरला. मोबाइल आल्यावर तो गॅरेज सेलच्या टेबलावर जाऊन पडला. तरी डोंगरात रेंज जाते तिथे तो आजही कामाचा, म्हणून दोन-तीन गाड्या काढून सहलीला जाणारी आपली मंडळीही तो हौसेने उचलतात.

इथेच एक गोष्ट सांगाविशी वाटते. पुढच्या पट्टीवरचं नाव वाचून सेट ओळखू नका, बोर्ड वाचून ओळखा. सत्तर-ऐंशीच्या दशकांत नावं ढीगभर आणि बनवणारे कारखाने मोजके, असा प्रकार होता. कोब्रा १४८ जीटीएल आणि प्रेसिडेंट ग्रँट बाहेरून वेगळे, पण दोन्ही युनिडेनच्या घराण्यातले आणि दोघांत एमबी ८७१९ हीच चिप. वरची-खालची झाकणं काढा, स्पीकरची तार जपा, आणि बोर्डाच्या कडेला छापलेला नंबर शोधा. ‘पीसी’ आणि पुढे आकडे असतील तर बहुधा युनिडेन, ‘पीटीबीएम’ने सुरुवात असेल तर सायबरनेट. नकाशा शोधायचा तो या नंबराने. नावावरून शोधलात तर भलत्याच सेटचा हाती येतो.

दुसरी खूण म्हणजे पीएलएल चिप. आमच्या कॉम्प्युटरवाल्यांना ती लगेच कळेल. पीएलएल०२ए ही त्या काळची गाजलेली चिप. १०.२४ मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलला १०२४ ने भागून ती १० किलोहर्ट्झची पायरी बनवते. चॅनलचं बटण फिरवलं की चिपच्या पिनांवर शून्य-एकचा आकडा बदलतो, बस्स. आता ६४ किमतीची पिन कुणी हाताने बदलली तर फ्रिक्वेन्सी एका फटक्यात ६४० किलोहर्ट्झ सरकते. म्हणजे चॅनल ४० चे २७.४०५ थेट २८.०४५ वर, हॅम रेडिओवाल्यांच्या पट्ट्यात! पुढे चॅनलची यादी पोटातच कोरलेल्या चिप आल्या, तिथे ही युक्ती चालत नाही. म्हणून ‘अमुक तार कापा आणि जास्त चॅनल मिळवा’ असा सल्ला एका बोर्डावर खरा ठरतो आणि शेजारच्या बोर्डावर सेट मुका करतो.

बरं, तो सल्ला पाळायचाही नसतो. प्रमाणित सेटची ताकद किंवा चॅनल वाढवणारा बदल एफसीसीच्या नियमांत बसत नाही, आणि शेजारच्या फ्रिक्वेन्सीवर दुसऱ्याचं काम चाललेलं असतं. पण जुना सेट घेता तेव्हा आधीच्या मालकाने हे उद्योग करून ठेवलेले असण्याची शक्यता मोठी. त्यामुळे माझ्या मते पहिला ‘बदल’ म्हणजे जुने बदल उलटवणं. मागच्या बाजूला जादा स्विचचं भोक, तांब्याची कापलेली रेघ, कॉइलमधल्या फेराइटच्या स्क्रूवरचं तुटलेलं मेण, एखाद्या ट्रान्झिस्टरचा उचललेला पाय, ही सगळी ठशासारखी चिन्हं. आवाज मोठा करायला मॉड्युलेशनची मर्यादा काढून टाकलेली असते. आवाज मोठा होतो, पण फाटतो आणि शेजारच्या चॅनलवर सांडतो. एसएसबी सेटमध्ये क्लॅरिफायर फक्त ऐकण्यापुरता ठेवलेला असतो, तोही बरेच जण मोकळा करतात. कॉमेंट न लिहिता कोड बदलून निघून गेलेला सहकारी आठवतो, दुसरं काय.

करण्यासारखी कामंही आहेत. वाळलेले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर बदला, डायलचा दिवा बदला. वीज आत येते तिथला संरक्षक डायोड तपासा. बॅटरी उलटी जोडली गेली तर तो फ्यूज उडवून सेट वाचवतो, आणि कुणीतरी तो जळल्यावर काढून टाकलेला असतो. माइकच्या चार पिनांची जोडणी सगळीकडे सारखी नसते, नकाशा पाहूनच नवा माइक लावा. फेराइटला धातूचा स्क्रू ड्रायव्हर लावू नका, तडकतो. प्लॅस्टिकचा घ्या.

मग अँटेनाऐवजी ५० ओहमचा डमी लोड लावून मोजा. चॅनल १ वर २६.९६५ आणि ४० वर २७.४०५ यायला हवं. मधे चॅनल २३ पेक्षा २४ आणि २५ खाली दिसले तर घाबरू नका. १९७७ मध्ये २३ चे ४० चॅनल करताना ते रिकाम्या जागी बसवले, त्यामुळे तसंच असतं.

भारतात न्यायचा विचार असेल तर २००५ पासून तिथे २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झ परवान्याविना खुलं आहे. इथले पहिले २७ चॅनल त्यात येतात. पण ती सवलत ५ वॅटपर्यंतच्या, अँटेना आतच असलेल्या उपकरणांना आहे. गाडीच्या टपावर अँटेना लावून चालणारा सेट तिच्यात बसत नाही, तेव्हा तो इथल्याच डोंगरांसाठी राहू द्या.