सहलीला मोती येणार, आणि आपणही!

दोन दिवस समुद्रावर राहायला जायचं ठरलं की घरोघरी एक प्रश्न हमखास निघतो, "कुत्र्याला कोण बघणार?" उत्तरही ठरलेलंच! मुलं जातात, त्यांचे बाबा जातात, आणि घर व कुत्रा सांभाळायला गृहिणी मागे राहते. त्यापेक्षा कुत्र्यालाच बरोबर घ्या की! मात्र तयारी नीट हवी, नाहीतर त्या मुक्या जिवाचे हाल आणि आपला विरस.

आमच्या नाते गावाच्या भागातली गांधारी महाडला सावित्रीला मिळते आणि सावित्री हरिहरेश्वर व बाणकोट यांच्यामध्ये समुद्राला भेटते. म्हणजे नदीनंच आम्हांला वाट दाखवून ठेवली आहे म्हणा ना! गाडीनं माणगाव, म्हसळा, श्रीवर्धन असं जाता येतं. वाट वळणावळणाची असल्यानं कुत्र्याला निघण्यापूर्वी तीन-चार तास आधीच थोडंसं खायला द्या. भरल्या पोटी हटकून उलटी होते. चहासाठी थांबलात तरी त्याला बंद गाडीत ठेवू नका. काचा थोड्या उघड्या असल्या तरी आतली हवा पाहता पाहता तापते, आणि कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. धापा टाकूनच तो अंग निववतो. उष्म्यानं जीवही जाऊ शकतो, बरं का!

मुक्काम कुठे?
उघड्या किनाऱ्यापेक्षा एखाद्या वाडीत तंबूला जागा मागावी. संडास-न्हाणीची सोय होते, विहिरीचं गोडं पाणी मिळतं. पण "कुत्रा चालेल ना?" हे आधीच विचारून घ्या. तंबू नारळाखाली मात्र ठोकू नका. एखादा नारळ नाहीतर झावळी पडली म्हणजे?

भरतीची वेळ काढायला सोपा हिशेब आहे. तिथीची पाऊणपट करायची. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणून सहाच्या सुमारास भरती आणि बाराच्या सुमारास ओहोटी. हा अंदाज झाला. नक्की वेळ तिथल्या कोळ्यांना विचारावी. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं, तेव्हा पाण्यापासून दूरच बरं. हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणेची खडकाळ वाट लाटांमुळे धोक्याची आहे. तिकडे कुत्रा नेऊच नये.

कासवांची काळजी
नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सहलीला उत्तम. पण याच दिवसांत समुद्री कासवांच्या माद्या रात्री वाळूत येऊन अंडी घालतात. एका खड्ड्यात शंभराच्या आसपास अंडी असतात आणि पिल्लं बाहेर यायला दीड-दोन महिने लागतात. कुत्र्यानं वासावर खड्डा उकरला की सारा वंश एका रात्रीत संपला! खाडीपलीकडच्या वेळासला चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' या संस्थेनं 2002 पासून ही अंडी राखण्याचं काम सुरू केलं. गावकऱ्यांनी त्याला हातभार लावला. आपल्या लाडक्यामुळे त्यांच्या कष्टांवर पाणी पडू नये, नाही का? म्हणून किनाऱ्यावर साखळी हातातच हवी, आणि अंधार पडल्यावर कुत्रा तंबूपाशी बांधलेला हवा. कासवांसाठी कुंपण घातलेलं दिसलं, तर तिकडे त्याला मुळीच नेऊ नका.

वाळू, पाणी, खाणं
वाळूवर हाताचा पालथा पंजा पाच-सात सेकंद टेकवून पाहा. आपल्याला चटका बसला तर त्याच्या पायांनाही बसणार. फिरणं सकाळी आणि उन्हं कलल्यावर. तहानेनं तो खारं पाणी पिऊ लागला तर उलट्या-जुलाब होतात. म्हणून गोड्या पाण्याचा डबा आणि त्याचं भांडं सतत जवळ ठेवा. किनाऱ्यावर पडलेले मेलेले मासे, गळ, जाळ्यांचे तुकडे तोंडात जाऊ देऊ नका. परतल्यावर गोड्या पाण्यानं अंघोळ घालून पंजे नि कान कोरडे करा, गोचीड आहेत का पाहा.

जेवण नेहमीचंच ठेवा, भाकरी-दूध नाहीतर साधा भात. कांदा-लसूण घातलेलं कालवण, द्राक्षं-मनुका, चॉकलेट हे सारं त्याला अपायकारक. शिजवलेली हाडं तर नकोतच. ती तुटून टोकदार होतात.

पिशवीत काय घ्याल?
लशींची वही (रेबीजची लस वेळेवर झालेली हवी, लेप्टोची झाली आहे का तेही जनावरांच्या डॉक्टरांना विचारा), गळ्यातल्या पट्ट्यावर आपला फोननंबर, जादा साखळी, जुनी चादर, पट्टी, चिमटा, जंतुनाशक, आणि घाण उचलायला खुरपं नि जुन्या पिशव्या. वाडीवाल्यांनी पुढच्या खेपेला हसून जागा द्यावी, असं वाटतं ना?

आणि हो, कामंही वाटून टाका. पाणी मुलांनी पाहायचं, साखळी त्यांच्या बाबांनी धरायची. कुत्रा घरात सगळ्यांचा असतो, मग सहलीतही तो सगळ्यांचाच असू दे. तेव्हाच आपल्यालाही घटकाभर निवांत लाटा पाहता येतील!