घटक ४ : मैदानातील गर्दी आणि वार्तेची भाषा

४.० उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर तुम्हाला –
• गर्दीसाठी मराठीत वापरल्या जाणाऱ्या शब्दांतील अर्थच्छटा स्पष्ट करता येतील;
• वाक्यरचनेमुळे कर्ता कसा पुढे येतो किंवा दृष्टीआड होतो, हे सोदाहरण सांगता येईल;
• क्रीडांगणावरील गोंधळाच्या वृत्तांतातील वर्णन आणि निवाडा वेगळे करता येतील.

४.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, कोजागरी पौर्णिमेच्या सुमारास तुळजापूरकडे येणारे रस्ते पायी चालणाऱ्या भाविकांनी भरून जातात. या दृश्याचे वर्णन करताना आपण ‘भक्तांचा महापूर’, ‘जनसागर’ असे शब्द सहज वापरतो. आता कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवरील फुटबॉलचा सामना डोळ्यांसमोर आणा. तेथेही हजारो माणसे एकत्र येतात. पण सामन्यानंतर ती कुंपण ओलांडून मैदानात आली, तर आपण ‘लोंढा घुसला’ असे म्हणतो. दोन्ही प्रतिमा पाण्याच्याच आहेत. पहिलीत पाणी पावन करणारे आहे, दुसरीत बांध फोडणारे. माणसांची संख्या व दाटी सारखीच असली तरी शब्द बदलला आणि त्याबरोबर आपली वृत्तीही बदलली.

गर्दीच्या वर्णनात निवाडा कोठे व कसा दडलेला असतो, हे प्रस्तुत घटकात पाहावयाचे आहे. हा विषय केवळ व्याकरणाचा नाही. क्रीडांगणावरील गोंधळात माणसे दगावतात, आणि त्यांच्या मृत्यूची जबाबदारी कोणाची हे ठरताना वृत्तांताच्या भाषेचा वाटा मोठा असतो.

४.२ शब्दसंग्रह : गर्दीपासून हुल्लडीपर्यंत

‘गर्दी’ हा शब्द तुलनेने तटस्थ आहे. बाजारात गर्दी असते, एस.टी. स्थानकावर असते, तेथे कोणावर आरोप नसतो. ‘जमाव’ हा शब्द मात्र कायद्याच्या व पोलिसी भाषेतून आपल्यापर्यंत पोहोचला असल्याने त्याला संशयाचा स्पर्श आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम १८९ मध्ये बेकायदेशीर जमावासाठी किमान पाच व्यक्तींची अट आहे, तर कलम १९१ दंग्याविषयी आहे. ‘जमावबंदी’ हा शब्द ज्याने गावात अनुभवला आहे, त्याला ‘जमाव’ हा ‘समुदाय’ या शब्दाचा पर्याय वाटणार नाही.

‘हुल्लड’, ‘धुडगूस’, ‘धिंगाणा’ हे शब्द त्यापुढची पायरी गाठतात. ते कृतीचे नाव सांगत असतानाच ती निरर्थक होती, असेही सुचवतात. कारण असणाऱ्या कृतीला आपण हुल्लड म्हणत नाही. म्हणून ‘हुल्लडबाजी’ हा शब्द लिहिला की कारण शोधण्याची गरजच संपते.

काही शब्दांत मात्र खेळ आणि गोंधळ एकत्र नांदतात. ‘दंगल’ म्हणजे दंगा, आणि ‘दंगल’ म्हणजे कुस्त्यांचा मोठा मेळही. मराठवाड्यात व नगरकडे काही गावांत जत्रेतील कुस्त्यांना ‘हगामा’ म्हणतात. फारसीतील ‘हंगाम’ म्हणजे वेळ किंवा ऋतू, आणि त्याच कुळातील ‘हंगामा’ म्हणजे लोकांचा मेळा व गलबला. शेतीचा ‘हंगाम’ आणि लोकांचा ‘हंगामा’ मराठीत वेगवेगळ्या अर्थांनी रुळले. उत्सव आणि उद्रेक यांतील अंतर थोडे असते, ही जाणीव अशा शब्दांत साठलेली दिसते.

४.३ वाक्यरचना : कर्ता कोठे आहे?

अभ्यासासाठी रचलेली पुढील तीन वाक्ये पाहा.

(अ) पोलिसांनी लाठीमार केला.
(आ) पोलिसांना सौम्य लाठीमार करावा लागला.
(इ) मैदानात लाठीमार झाला.

(अ) मध्ये कर्ता स्पष्ट आहे. (आ) मध्येही तो आहे, परंतु ‘करावा लागला’ या रचनेने कृतीचे रूपांतर सक्तीत केले. ही सक्ती कोणी केली? उत्तर न सांगताच सुचवले जाते : गर्दीने. शिवाय ‘सौम्य’ हे विशेषण काठी चालवणाऱ्याच्या बाजूने लागते. ती ज्याच्या पाठीवर पडली त्याने ते दिलेले नसते. (इ) मध्ये लाठीमारच वाक्याचा कर्ता झाला आहे. पाऊस झाला, तसा लाठीमार झाला.

याउलट गर्दीविषयीच्या वाक्यांत कर्ता सहसा गाळला जात नाही : ‘प्रेक्षक मैदानात घुसले.’ येथे क्रियापदाकडे लक्ष द्या. खेळाडू मैदानात ‘उतरतात’, पंच मैदानात ‘येतात’, प्रेक्षक मात्र ‘घुसतात’. चोर घरात घुसतो, पुराचे पाणी वस्तीत घुसते, जनावरे पिकात घुसतात. ‘घुसणे’ म्हटले की पुढची क्रियापदे ठरलेलीच असतात : ‘हुसकावणे’ किंवा ‘पांगवणे’.

आता ‘चेंगराचेंगरी’ हा शब्द घ्या. ‘हाणामारी’, ‘ढकलाढकली’ यांच्याच पंक्तीतील हा शब्द आहे. संस्कृत व्याकरणात ‘केशाकेशी’सारख्या रूपांना व्यतिहार बहुव्रीही म्हणतात, व्यतिहार म्हणजे परस्परांवर केलेली क्रिया. ‘ढकलाढकली’त प्रत्येकजण ढकलतो आणि ढकलला जातो. तोच साचा ‘चेंगराचेंगरी’ला लागला की माणसांनीच एकमेकांना चिरडले, असा भास होतो. बंद दार, अरुंद जिना, मागून आलेला अश्रुधूर यांना या शब्दात जागाच नाही.

४.४ तीन प्रसंग

पहिला प्रसंग मुंबईचा, क्रिकेटचा आहे. जानेवारी १९७५ मध्ये वानखेडे स्टेडियमवर पहिलाच कसोटी सामना भारत व वेस्ट इंडीज यांच्यात झाला. क्लाइव्ह लॉइड यांचे द्विशतक पूर्ण होताच एक तरुण त्यांचे अभिनंदन करण्यासाठी मैदानात धावला. पोलिसांनी त्याला मारहाण केली. ते पाहून प्रेक्षक खवळले आणि खेळ थांबला. ‘प्रेक्षकांच्या हुल्लडीमुळे खेळ थांबला’ हे वाक्य खोटे नाही. परंतु ते घटनाक्रमाच्या अखेरच्या टोकापासून सुरू होते. वृत्तांत कोठून सुरू करायचा, ही निवडसुद्धा अर्थ घडवते.

दुसरा प्रसंग इंग्लंडमधील शेफील्ड येथील हिल्सबरो मैदानाचा. १५ एप्रिल १९८९ रोजी लिव्हरपूल व नॉटिंगहॅम फॉरेस्ट यांच्या सामन्यात कठड्यांनी बंदिस्त केलेल्या प्रेक्षागारात माणसे चिरडली गेली. मृतांची संख्या अखेर ९७ झाली. प्रेक्षकांनी जबरदस्तीने दार उघडले, असे आरंभी सांगण्यात आले. प्रत्यक्षात ते दार पोलिसांच्याच आदेशाने उघडण्यात आले होते. जीव वाचवण्यासाठी जे कठड्यांवरून चढून मैदानात आले, तेही प्रथम ‘मैदानात घुसणारे’च ठरले. २०१२ मध्ये स्वतंत्र समितीने दाखवून दिले की पोलिसांच्या १६४ जबाबांत मोठे फेरफार झाले होते आणि त्यांपैकी ११६ जबाबांतून पोलिसांना प्रतिकूल असणारा मजकूर काढण्यात वा बदलण्यात आला होता. २०१६ मध्ये ज्यूरींनी निर्णय दिला की हे मृत्यू बेकायदेशीर कृत्यामुळे झाले आणि प्रेक्षकांचे वर्तन त्यास कारणीभूत नव्हते. ही वाक्ये पूर्ववत अर्थाने वाचली जाण्यासाठी मृतांच्या कुटुंबीयांना २७ वर्षे झगडावे लागले.

तिसरा प्रसंग इंडोनेशियातील मलंग शहराचा. १ ऑक्टोबर २०२२ रोजी कांजुरुहान मैदानावर अरेमा हा यजमान संघ पर्सेबाया संघाकडून ३–२ असा पराभूत झाला. त्यानंतर काही प्रेक्षक मैदानात उतरले. पोलिसांनी अश्रुधूर सोडला. तो प्रेक्षागाराच्या दिशेनेही सोडला गेला. धुरापासून पळणारी माणसे बाहेर पडण्याच्या दारांशी अडकली. १३५ जणांचा मृत्यू झाला. फिफाच्या सुरक्षा नियमांत मैदानावर अशा वायूचा वापर वर्ज्य आहे. येथे ‘दोन गटांतील हाणामारी’ असे लिहिणे वस्तुस्थितीला सोडून होते, कारण पाहुण्या संघाच्या समर्थकांना त्या सामन्याला प्रवेशच नव्हता.

४.५ नाण्याची दुसरी बाजू

यावरून गर्दी नेहमीच निर्दोष असते, असा निष्कर्ष काढल्यास आपण एका निवाड्याच्या जागी दुसरा निवाडा बसवू. भाषा गर्दीचाही दोष झाकते. कोल्हापूरचेच उदाहरण घ्या. तेथील अनेक फुटबॉल संघ तालमींच्या व मंडळांच्या नावाने खेळतात : पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम, शिवाजी तरुण मंडळ. कुस्तीच्या आखाड्यांभोवती जी पेठेची निष्ठा जोपासली गेली, तीच फुटबॉलमध्ये आली. या निष्ठेसाठी तेथे ‘ईर्षा’ हा शब्द कौतुकाने वापरला जातो. प्रमाण मराठीत ‘ईर्षा’ म्हणजे मत्सर. कोल्हापुरात ती जिद्द आहे, अभिमान आहे.

मात्र या मैदानाने समर्थकांमधील मारामाऱ्या आणि दगडफेकही पाहिली आहे. अशा वेळी ‘अतिउत्साही समर्थक’, ‘पेठांची पारंपरिक ईर्षा’ असे लिहिले, की दगड उचलणारा हात परंपरेच्या पदराआड जातो. ‘अतिउत्साही’ या शब्दात दोष उत्साहाचा नसून केवळ त्याच्या प्रमाणाचा ठरतो. ‘करावा लागला’ने पोलिसांसाठी जे केले, तेच ‘अतिउत्साही’ने समर्थकांसाठी केले.

म्हणून अभ्यासकाने कोणाची बाजू घ्यायची हे आधी ठरवू नये. प्रत्येक वृत्तांताला चार प्रश्न विचारावेत : मैदानात कोण आले? ते कशासाठी आले – आनंदाने, रागाने की जीव वाचवण्यासाठी? त्यानंतर कोणी कोणती कृती केली? आणि इजा नेमकी कशाने झाली? ज्या प्रश्नाचे उत्तर वाक्यात मिळत नाही, तेथे वाक्यरचनेने काही झाकले आहे का, हे तपासावे.

४.६ सारांश

गर्दीचे नाव घेताना आपण तिचे मूल्यमापनही करतो. ‘गर्दी’, ‘जमाव’, ‘हुल्लड’ हे शब्द एकमेकांचे पर्याय नाहीत. ‘केला’, ‘झाला’ आणि ‘करावा लागला’ या रचना जबाबदारीची वाटणी वेगवेगळी करतात. व्यतिहारदर्शक शब्द दोष सर्वांवर पसरवतात आणि म्हणून तो कोणावरच राहत नाही. अचूक शब्द मृतांना परत आणू शकत नाही; परंतु चुकीचा शब्द त्यांनाच दोषी ठरवू शकतो.

४.७ स्वाध्याय

१. ‘चेंगराचेंगरी’ आणि ‘दगडफेक’ या शब्दांच्या घडणीतील फरक सांगा. कर्त्याच्या दृष्टीने त्याचा परिणाम काय होतो?
२. ‘जमाव पांगवण्यात आला’ हे वाक्य कर्ता स्पष्ट करून दोन प्रकारे लिहा. अर्थात कोणता बदल झाला ते नोंदवा.
३. क्षेत्रीय कार्य : आपल्या गावातील वा जिल्ह्यातील यात्रा, कुस्त्यांचा फड किंवा सामना यांच्या तीन बातम्या जमवा. गर्दीसाठी आलेली नामे व क्रियापदे यांची यादी करा आणि वरील चार प्रश्नांच्या आधारे प्रत्येक बातमीवर सुमारे १०० शब्दांत टिपण लिहा.