लंगडणाऱ्या मांजराचा माग
घरचे सोबती : लेखांक ९

मांजर लंगडताना दिसलं की घरात पहिला प्रश्न निघतो, 'कुठून पडलं?' पडल्याचं कोणी पाहिलेलं नसतं, अंगावर जखम नसते, मांजर ओरडतही नाही. मग 'मुरगळला असेल पाय, होईल बरा' असं म्हणत आठवडा निघून जातो. मांजर दुखणं किती बेमालूम लपवतं हे मागच्या लेखांकात आपण पाहिलं. त्यामुळे ते उघड उघड लंगडतंय याचाच अर्थ दुखणं लपवण्याच्या पलीकडे गेलं आहे असा धरावा. त्याचं कारण शोधताना निम्मं काम घरच्या माणसालाच करावं लागतं, कारण दवाखान्यातल्या टेबलावर मांजर चालत नाही. ते पोट टेकून, पाय अंगाखाली घेऊन बसून राहतं. डॉक्टरांना त्याची चाल दिसणार तरी कशी?

म्हणून घरीच मोबाइलवर चित्रण करून ठेवावं. गालिच्यावर नको, साध्या फरशीवर करावं. एकदा बाजूनं, एकदा समोरून, एकदा मागून. पुढचा पाय दुखत असेल तर तो टेकताना डोकं वर जातं आणि चांगला पाय टेकताना खाली येतं. मागचा पाय दुखत असेल तर चालताना त्या बाजूचा खुबा जास्त वर-खाली होतो. उडीही टिपावी. वर चढताना जोर मागच्या पायांवर असतो, खाली उतरताना भार पुढच्या पायांवर येतो. खुर्चीवर सहज चढणारं पण उतरताना घुटमळणारं मांजर डॉक्टरांना बरंच काही सांगून जातं.

यानंतर पंजा. सांधा, हाड, नस या सगळ्यांच्या आधी पंजाच पाहावा, आणि तो चांगल्या उजेडात, मांजराला टॉवेलमध्ये गुंडाळून पाहावा. गाद्यांच्या मधल्या फटी, प्रत्येक नखाचं मूळ, आतल्या बाजूचा अंगठा. म्हातारी मांजरं नखं घासणं कमी करतात, त्यांची नखं जाड होऊन वळतात आणि गादीत रुततात. अंगठ्याचं नख जमिनीला लागतच नाही, म्हणून ते सगळ्यात आधी रुततं आणि सगळ्यात शेवटी लक्षात येतं. संक्रांतीच्या दिवसांत बोटांभोवती मांजा आवळला गेला आहे का हेही बघावं. नायलॉनच्या मांज्यावर राष्ट्रीय हरित लवादानं २०१७ मध्ये देशभर बंदी घातली, तरी तो गच्चीवर आणि झाडांवर अडकलेला सापडतोच. केसांखाली तो दिसत नाही, फक्त एक बोट सुजलेलं दिसतं.

बाहेर हिंडणारा, नसबंदी न झालेला बोका असेल तर पहिला संशय मारामारीचा घ्यावा. मांजराचा सुळा सुईसारखा बारीक असतो. चावल्याचं भोक दिवसभरात वरून मिटतं, पण तोंडातले जंतू आत राहतात. दोन ते चार दिवसांनी तिथं गळू धरतं, पाय गरम लागतो, बोका खाणं सोडून कोपरा धरतो. मांजराचं नेहमीचं तापमान ३८ ते ३९.२ अंश सेल्सियस असतं. त्याच्या वर गेलं तर ताप समजावा. पू काढून, योग्य प्रतिजैविक दिलं की असा बोका लवकर पायावर येतो. मात्र चावा कोणाचा हे माहीत नसेल तर रेबीजच्या लशीबद्दल डॉक्टरांना त्याच दिवशी विचारावं.

पिल्लांची गोष्ट वेगळी. आज हा पाय, उद्या तो पाय, सोबत ताप आणि कधी तोंडात फोड, असं असेल तर कॅलिसी विषाणूचा विचार होतो. हे लंगडणं बहुधा दोन-तीन दिवसांत ओसरतं. मला जास्त काळजी वाटते ती आहारातून येणाऱ्या लंगडण्याची. 'आमचं पिल्लू फक्त उकडलेलं चिकन खातं, दुसरं काही नाही,' हे कौतुकानं सांगितलं जातं. बिनहाडाच्या मांसात कॅल्शियम अगदी थोडं आणि फॉस्फरस त्याच्या पंधरा-वीस पट असतं. रक्तातलं कॅल्शियम टिकवण्यासाठी शरीर मग ते हाडांतून काढायला लागतं. एक्स-रेमध्ये ही हाडं इतकी फिकट दिसतात की आजूबाजूच्या मांसापासून ती वेगळी ओळखणंच कठीण जातं. असं पिल्लू सोफ्यावरून उतरलं तरी हाड मोडू शकतं. प्रेमानं भरवणाऱ्या घरात हे घडतं, म्हणून ते फार वाईट वाटतं. वेळेत समतोल आहार सुरू केला आणि पिल्लाला उड्या मारू न देता काही आठवडे लहान जागेत ठेवलं, तर बरीच पिल्लं सावरतात.

इथं एक गोष्ट कळकळीनं सांगायची आहे. लंगडणाऱ्या मांजराला घरातली पॅरासिटामॉलची गोळी देऊ नका. अर्धीही नको. हे औषध निकामी करून बाहेर टाकण्याची यंत्रणा मांजराच्या यकृतात जवळजवळ नसतेच. त्यातून रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद जाते, हिरड्या तपकिरी पडतात, तोंड आणि पंजे सुजतात, आणि मांजर दगावतं. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक हेही त्याला विषच. मांजरासाठी वेदनाशामकं आहेत, पण ती वजन आणि मूत्रपिंडं पाहून डॉक्टरांनीच द्यायची असतात.

एका प्रसंगी तर चित्रण, पंजा, ताप काही बघत बसायचं नाही. मांजर एकाएकी किंचाळून मागचे पाय ओढायला लागलं, ते पाय हाताला गार लागले आणि गाद्या निळसर किंवा पांढुरक्या दिसल्या, तर बहुतेक वेळा हृदयातून सुटलेली रक्ताची गाठ पायांकडच्या रक्तवाहिनीत अडकलेली असते. मध्यरात्र असली तरी निघायचं.

म्हाताऱ्या मांजराचा संधिवात उलट शांतपणे येतो. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात बारा वर्षांवरच्या शंभर मांजरांचे एक्स-रे तपासले, तेव्हा नव्वद टक्के मांजरांत सांध्यांची झीज सापडली. दोन्ही बाजूंचे सांधे सारखेच दुखत असल्यामुळे अशी मांजरं लंगडत नाहीत. ती कपाटावर चढणं सोडतात, मातीच्या ट्रेच्या कडेवरून पाय टाकायचं टाळतात, पाठीवरचे केस चाटेनाशी होतात, आणि आपण म्हणतो, वय झालं.

आता ज्या लंगडण्याला खरोखरच कारण सापडत नाही त्याबद्दल. ओळखीच्या एका घरात सव्वा वर्षाचा, लहानपणीच नसबंदी झालेला, अंगानं चांगलाच भरलेला बोका आहे. तो ओट्यापाशी येऊन वर बघायचा, मागचे पाय दोनदा-तीनदा जागच्या जागी सरकवायचा, आणि उडी न मारता बाजूच्या स्टुलावरून वळसा घालून चढायचा. पडला नव्हता, भांडला नव्हता. गुडघा ठीक, पंजा ठीक, बाजूनं काढलेला एक्स-रेही ठीक. मुरगळल्याची औषधं चालू राहिली आणि एका बाजूची मांडी मात्र बारीक होत गेली. ती बारीक झालेली मांडी हाताला लागली तेव्हा कुठे सगळ्यांचं लक्ष खुब्याकडे गेलं.

मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाला वाढीची एक चकती असते. साधारण पहिल्या वर्षातच ती पक्क्या हाडात बदलते. लवकर नसबंदी झालेल्या बोक्यांत ती उशिरा पक्की होते, आणि तोवर वजन वाढलेलं असलं तर ती कुठल्याही अपघाताविना सरकू शकते. सुरुवातीला ही सरकण इतकी थोडी असते की बाजूच्या एक्स-रेत निसटते. त्यासाठी मांजराला गुंगी देऊन, उताणं झोपवून, मागचे पाय बेडकासारखे दुमडून फाकवून चित्र घ्यावं लागतं. त्या चित्रात हाडाचा गोळा आपल्या मानेवरून घसरलेला स्पष्ट दिसला.

यावरून कोणी नसबंदीच टाळू नये. न केलेल्या नसबंदीचे धोके, मारामाऱ्या आणि त्यातून येणारे आजार यांची यादी याहून फार लांब आहे. नसबंदीनंतर खाणं मोजून द्यावं, तिचं वय डॉक्टरांशी बोलून ठरवावं, इतकंच. उपचारात बहुधा तो घसरलेला गोळाच काढून टाकतात. ऐकायला भयंकर वाटतं, पण मांजराचं वजन कमी असतं, भोवतीचे स्नायू सांध्याचं काम उचलतात, आणि काही आठवड्यांत मांजर चांगलं चालू लागतं. फक्त ज्या बोक्याचा एक खुबा असा सरकला त्याचा दुसराही सरकू शकतो, म्हणून चित्र दोन्ही बाजूंचं घ्यायला सांगावं आणि पुढचे काही महिने त्याच्या उड्यांवर नजर ठेवावी.