टॉमी : एक नाव, एक ध्वनिमुद्रिका

आपल्याकडे ‘टॉमी’ म्हटले की शेपटी हलवीत येणारा प्राणीच डोळ्यांपुढे उभा राहतो. साहेबाचे नाव कुत्र्याला देण्यात नक्कल किती आणि सूड किती, हे ज्याचे त्याने ठरवावे! मूळ नाव मात्र प्राचीन. अरामी भाषेत ‘तोमा’ म्हणजे जुळा. ख्रिस्ताच्या बारा शिष्यांपैकी एकाचे हे नाव, तो इ. स. ५२ मध्ये केरळच्या किनाऱ्यावर उतरला, अशी तिथल्या ख्रिस्ती समाजाची परंपरा आहे. इंग्लंडात थॉमसचा लाडाने टॉमी झाला. पुढे लष्करी कागदांच्या नमुन्यात ‘थॉमस अ‍ॅटकिन्स’ हे नाव भरले जाई, त्यामुळे कोणताही साधा गोरा शिपाई टॉमी ठरला.

‘द हू’ या इंग्रज चमूतील पीट टाउनशेंडने १९६९ साली हे सामान्य नाव आपल्या रॉक ऑपेराला दिले. दोन तबकड्या, चोवीस गीते. महायुद्धात बेपत्ता झालेला कप्तान अचानक घरी परततो आणि पत्नीच्या प्रियकराला ठार करतो. मुलगा ते आरशात पाहतो. याची वाच्यता नको म्हणून आईबाप त्याला असे दटावतात की मूल खरोखरच आंधळे, बहिरे, मुके होते. नुसत्या स्पर्शावर ते पिनबॉलमध्ये अजिंक्य ठरते. आरसा फुटताच बरे होते आणि गुरू बनते. आरशात आपलेच जुळे न्याहाळणाऱ्या या पोराला नाव तरी किती शोभून दिसते!

आता आपल्या जवळची गोष्ट. या मुद्रिकेच्या वेष्टनावर ‘अवतार’ म्हणून नाव आहे मेहेरबाबांचे. पुण्यात १८९४ साली जन्मलेले मेरवान इराणी हे डेक्कन कॉलेजचे विद्यार्थी. १० जुलै १९२५ रोजी नगरजवळ मेहेराबादला त्यांनी मौन धरले, ते ३१ जानेवारी १९६९ रोजी देह ठेवीपर्यंत. आधी अक्षरफळ्यावर बोट ठेवून आणि १९५४ नंतर केवळ हातांच्या खुणांनी ते बोलत. मुद्रिका आली त्याच वर्षीच्या मे महिन्यात.

म्हणून काही मित्र टॉमीला बाबांची प्रतिमा समजतात. मला ते पटत नाही. बाबांचे मौन स्वेच्छेचे, टॉमीचे लादलेले. आणि गुरू होताच तो करतो काय? शिष्यांचे डोळे झाकतो, कान बुजवतो, तोंडाला बूच लावतो आणि पिनबॉल खेळायला लावतो! आईबापांनी त्याचे जे केले, तेच तो इतरांचे करतो. शिष्य उलटतात ते त्यामुळेच. हे बंड चौथ्या बाजूच्या अखेरीस आहे. ऐकणाऱ्याने तबकडी मध्येच उचलू नये.